एका शिंगाची कुळकथा

कपाळाच्या मधोमध एकच सरळ, पिळदार शिंग असलेल्या पांढऱ्या घोड्याला आज मराठीत ‘युनिकॉर्न’ म्हणतात आणि लिहिताना कधी ‘एकशृंग’, तर कधी ‘एकशिंगी घोडा’ असे शब्द योजतात. परंतु पहिला शब्द उसना आहे आणि पुढचे दोन हे नाव नसून वर्णन आहे. ज्या भाषेत वेताळाला, हडळीला, मुंजाला आणि आसरांना स्वतःची नावे आहेत त्या भाषेने या प्राण्याला मात्र नाव दिले नाही. याचे कारण शिंगांविषयीच्या अनास्थेत खचितच नाही. परभणी तालुक्यातील पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, जुन्या बारवेचे आणि महादेवाच्या देवळाचे गाव घेतले, तरी तेथील पोळ्याच्या दिवशी बैलाचे शिंग हा साऱ्या सजावटीचा मध्यबिंदू असतो. शिंगे घासून तासली जातात, त्यांना हिंगूळ लावला जातो, वर बेगड चिकटवली जाते आणि टोकांना पितळी शेंब्या बसवल्या जातात. लाल कंधारी बैलाची पारख करणारा शेतकरी शिंगांची ठेवण आधी पाहतो. अशा मुलखात एका शिंगाचा बैल म्हणजे दुसरे शिंग मोडलेला बैल, आणि त्याला बाजारात किंमत कमी येते, इतकाच त्याचा अर्थ होतो. एकशिंगी प्राण्याचे अद्भुत येथे रुजले नाही याचे मूळ अन्यत्र शोधावे लागते, आणि ते शोधताना असे दिसते की जगभरच्या या कल्पनेचे बरेचसे बियाणे याच उपखंडातून बाहेर गेलेले आहे.

एका शिंगाच्या प्राण्याची सर्वांत जुनी आणि संख्येने सर्वांत मोठी चित्रमाला सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सापडते. इ.स.पू. २६०० ते १९०० या काळातील या मुद्रा, म्हणजे शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या, साधारण इंचभर लांबीरुंदीच्या चौकोनी चकत्या, मातीवर ठसा उमटवण्यासाठी कोरलेल्या असत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुद्रांवर एकच प्राणी उभा आहे: बैलासारखे पण सडपातळ शरीर, लांब मान, गळ्याशी वळ्या, खांद्यावर झूल वाटावी अशी आकृती आणि कपाळातून निघून पुढे वळलेले एकच शिंग. त्याच्यासमोर खांबावर बसवलेले एक दुहेरी पात्र असते. इरावतम महादेवन यांनी ते सोमरस गाळण्याचे साधन मानले, इतरांनी ती धूपदाणी किंवा गव्हाण मानली. हडप्पा येथील अशी एक मुद्रा अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ मध्येच प्रसिद्ध केली होती, परंतु ती कोणत्या संस्कृतीची हे कळायला १९२४ साल उजाडावे लागले. जॉन मार्शल यांनी त्या वर्षी या संस्कृतीचा शोध जाहीर केला, आणि त्यानंतर लवकरच या प्राण्याला इंग्रजीत युनिकॉर्न म्हटले जाऊ लागले.

हे नाव चुकीचे आहे, असा एक आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. बैल बाजूने काढला की त्याचे पलीकडचे शिंग अलीकडच्या शिंगाआड जाते, म्हणून तो एकशिंगी दिसतो, असे या आक्षेपाचे म्हणणे आहे. ते वरवर पटण्यासारखे आहे, पण टिकणारे नाही. त्याच मुद्राकारांनी वशिंडाचा बैल आणि रेडा हेही बाजूनेच काढले आहेत आणि त्यांची दोन्ही शिंगे दाखवली आहेत. त्याहून निर्णायक पुरावा मातीच्या खेळण्यांचा आहे, कारण हडप्पा आणि चन्हुदडो येथे याच प्राण्याच्या भाजक्या मातीच्या मूर्ती मिळाल्या असून त्यांच्या कपाळावर शिंगाचे एकच भोक किंवा एकच खुंट आहे; गोल मूर्तीत आड जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तेव्हा हडप्पाच्या लोकांना एक शिंगच अभिप्रेत होते, असे मानणे प्राप्त आहे. तो प्राणी म्हणजे गेंडा असावा, असे मात्र मुळीच म्हणता येत नाही. गेंडा त्यांना पुरता परिचित होता. त्याच्या कातडीच्या घड्या आणि नाकावरचे आखूड शिंग त्यांनी स्वतंत्र मुद्रांवर बारकाईने कोरले आहे, आणि योगासनात बसलेल्या शिंगधारी पुरुषाच्या प्रसिद्ध मुद्रेवर हत्ती, वाघ आणि रेडा यांच्या जोडीला तोही उभा आहे. एकशृंग हा बहुधा एखाद्या कुळाचे, व्यापारी गटाचे अथवा अधिकाराचे चिन्ह होता, आणि ती नगरे ओस पडली तसा तो इ.स.पू. १९०० च्या सुमारास मुद्रांबरोबरच नाहीसा झाला. या कुळाची थोरली पाती इथे तुटते.

गोदावरीच्या खोऱ्यात जे पोहोचले ते एकशृंगाचे चित्र नसून खरा एकशिंगी प्राणी आहे, आणि तोही काशाचा. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ते उजेडात आणले आणि त्यानंतर म. ना. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांनी टप्प्याटप्प्याने तेथे उत्खनन केले. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना तेथे चार धातुशिल्पे मिळाली: बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. चारही भरीव ओतीव असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक भरते. गेंडा चाकांच्या आसांवर उभा केलेला आहे, म्हणजे दोरी बांधून तो ओढता येत असे, आणि त्यामुळे ही शिल्पे मिरवणुकीत फिरवली जात असावीत असा तर्क केला जातो. उत्खननकर्त्यांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून धर्मपाल अग्रवाल यांनी त्या काळाविषयी शंका घेतली. हा वाद मिटलेला नाही. तथापि दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेली बटनासारखी मातीची मुद्रा मिळालेली असल्याने त्या संस्कृतीचा हात प्रवरेपर्यंत पोहोचला होता, यात शंका उरत नाही. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी पैठणवरून पुढे परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम करीत जाते, आणि पिंगळीचे शिवार याच खोऱ्याचा भाग आहे.

मग दायमाबादच्या कारागिराने गेंडा पाहिला होता की केवळ ऐकला होता? दख्खनच्या पठारावर गेंडा फार पूर्वी वावरत होता एवढे भूगर्भशास्त्र सांगते. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभेच्या परिसरातील गाळात रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याच्या लुप्त जातीचे अवशेष मिळाले आणि १८७४ मध्ये त्या जातीला त्यांनी ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ म्हणजे दख्खनी गेंडा असे नाव दिले. पण ते अवशेष हिमयुगाच्या काळातले. गेंड्याला दलदल, उंच गवत आणि बारमाही पाणी लागते, तर ताम्रपाषाणयुगात गोदाखोरे निमकोरड्या हवामानाचे होते; गुजरातेत मात्र लांघणज येथे मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याची हाडे मिळाली आहेत. दायमाबादचा गेंडा शरीराच्या वळणात इतका अचूक आहे की त्याचा नमुना कुठेतरी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे, मग तो पाहणारा उत्तरेकडून आलेला का असेना.

शब्दांचा मागही याच दिशेने जातो. वैदिक संहितांत गेंड्याचे नाव ‘खड्ग’ असे आहे आणि तरवारीला ‘असि’ म्हणतात. खड्ग म्हणजे तरवार हा अर्थ नंतरच्या वाङ्मयात रूढ झाला. शांखायन श्रौतसूत्रात रथाला गेंड्याच्या कातड्याचे आवरण घालण्याचा उल्लेख येतो. पुढे ‘गण्ड’ आणि ‘गण्डक’ ही नावे आली, ज्यांपासून मराठी गेंडा उतरला. पाच नखांच्या प्राण्यांपैकी ज्यांचे मांस खाण्यास मनुस्मृतीने मुभा दिली त्यांत खड्ग आहे, आणि श्राद्धविधीत त्याच्या शिंगाच्या पात्राला, म्हणजे खड्गपात्राला, पितरांना पाणी देण्यासाठी विशेष मान होता. गेंड्याचे शिंग गाईबैलाच्या शिंगासारखे आत हाड असलेले नसते. नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच केराटिनचा तो घट्ट पुंजका असतो, म्हणून ते कोरून त्याची वाटी करता येते. ही वाटी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ग्रीकांच्या लेखनात ती पुन्हा भेटते.

एकटे शिंग आणि एकटे राहणारे जनावर यांचा मेळ धार्मिक कल्पनेलाही भावला. सुत्तनिपात या पाली ग्रंथातील खग्गविसाणसुत्त संग सोडून एकट्याने विचरणाऱ्या साधकापुढे गेंड्याचा आदर्श ठेवते आणि संघाविना, स्वबळावर बोध पावलेल्या प्रत्येकबुद्धाला बौद्ध परंपरा ‘खड्गविषाणकल्प’ म्हणजे गेंड्याच्या शिंगासारखा म्हणते. जैन परंपरेत अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन, म्हणजे मूर्तीच्या पीठावर कोरलेले ओळखचिन्ह, गेंडा आहे. मूर्तीवर लेख नसला तरी या चिन्हावरून तीर्थंकर ओळखता येतो. देवालयांच्या भिंतींवर मागच्या पायांवर उभे राहणारे संमिश्र प्राणी, ज्यांना शिल्पशास्त्र व्याल म्हणते, त्यांचे सोळा प्रकार भोजाच्या समरांगणसूत्रधारात दिलेले असून सिंह, हत्ती, घोडा, शुक अशा मुखांच्या बरोबरीने त्यांत गंडकीचेही नाव आहे. यादवकाळात बांधलेल्या मराठवाड्यातील मंदिरांवर सिंहमुखी आणि गजमुखी व्याल सहज सापडतात, गेंड्याच्या मुखाचा व्याल मात्र शोधूनही सहसा हाती लागत नाही; शास्त्राने जागा दिली, पण ज्या पाथरवटाने ते जनावर कधी पाहिले नाही त्याने ती रिकामी सोडली असावी.

वैष्णव पुराणकथांत एक शिंग दोनदा येते. शतपथ ब्राह्मणातील जलप्रलयाच्या कथेत मनूची नाव माशाच्या शिंगाला दोराने बांधली जाते, आणि महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय उपाख्यानात वराहरूपाने पृथ्वी वर काढल्यामुळे विष्णूला एकशृंग हे नाव मिळाले असे सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी शिंग हे बुडत्याला वर काढण्याचे साधन आहे, अद्भुत प्राण्याचे लक्षण नाही, म्हणून त्यांचा परदेशी एकशृंगाशी जोडलेला संबंध ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

परदेशी शाखेची सुरुवात एका वैद्यापासून होते. क्टेसिअस हा ग्रीक वैद्य इराणच्या दुसऱ्या आर्टाझर्क्सिस राजाच्या दरबारी होता आणि इ.स.पू. ४०० च्या सुमारास त्याने भारतात कधीही न येता भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, परंतु नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने केलेला त्याचा संक्षेप उरला आहे. त्यात भारतात घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी रानगाढवे असल्याचे वर्णन आहे. त्यांचे अंग पांढरे, डोके गडद तांबडे, डोळे निळे आणि कपाळावर दीड हात लांबीचे शिंग असून ते बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लाल असते, आणि त्या शिंगाच्या पेल्यातून जो पितो त्याला विष बाधत नाही की अपस्माराचा झटका येत नाही. या वर्णनात तीन जनावरे एकमेकांत मिसळली आहेत. गाढवाचे अंग कच्छच्या रणातील आणि इराणच्या पठारावरील रानगाढवाचे आहे, चपळाई काळविटाची असावी आणि शिंगाचा औषधी पेला निःसंशय गेंड्याचा आहे. क्टेसिअसपर्यंत जनावर पोहोचले नाही, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून शिंगाची वाटी आणि तिची ख्याती पोहोचली. पुढे मेगॅस्थिनीसच्या आधारे ईलियनने ‘कार्टाझोनोस’ नावाच्या भारतीय एकशिंग्याचे वर्णन केले, आणि त्या नावामागे संस्कृत खड्ग दडलेला असावा असे काही विद्वानांना वाटते.

दरम्यान, इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होत होते. मूळ हिब्रू शब्द ‘रेएम’ हा बळकट रानबैलाचा वाचक होता, पण तो रानबैल त्या प्रदेशातून नामशेष झाल्यामुळे भाषांतरकारांनी त्याच्या जागी ‘मोनोकेरोस’ म्हणजे एकशिंग्या घातला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलपर्यंत तो शब्द पवित्र ग्रंथात ठाण मांडून बसला. ज्याचा उल्लेख शास्त्रात आहे तो प्राणी अस्तित्वात असलाच पाहिजे, ही युरोपची पुढच्या दीड हजार वर्षांची खात्री या एका भाषांतराने निर्माण केली. चीनचा किलिन, जो हरणासारख्या अंगाचा आणि कधी एका, कधी दोन शिंगांचा शुभप्राणी आहे, त्याची कुळी वेगळी आहे आणि येथे तिचा एवढाच संबंध आहे की १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राटाला जिराफ भेट पाठवला तेव्हा तोच किलिन म्हणून स्वीकारला गेला. जपानी भाषेत जिराफाला आजही किरिन म्हणतात.

परंतु युरोपच्या एकशृंगाची जी गोष्ट सर्वांच्या मनात बसली आहे ती क्टेसिअसची नाही. अलेक्झांड्रियात ख्रिस्ती काळाच्या आरंभीच्या शतकांत रचला गेलेला ‘फिझिऑलॉगस’ हा प्राणिकथांचा ग्रंथ सांगतो की हा लहानसा पण अत्यंत उग्र प्राणी कोणत्याही शिकाऱ्याला धरता येत नाही. त्याच्या वाटेवर एक कुमारिका बसवली की तो शांतपणे तिच्या मांडीवर येतो आणि ती त्याला राजवाड्यात घेऊन जाते. क्टेसिअसच्या रानगाढवाला असे काही माहीत नव्हते. राजवाडा हा तपशील तर शिकारकथेला पूर्णपणे परका आहे, कारण शिकार झालेल्या जनावराला राजवाड्यात नेण्याचे काही प्रयोजन नसते. हा तपशील जिथे सार्थ ठरतो ती कथा भारतीय आहे आणि तिचा नायक प्राणी नसून ऋषी आहे.

ऋष्यशृंगाची ही कथा रामायणाच्या बालकांडात आणि महाभारताच्या वनपर्वात येते. ऋष्य ही हरणाची एक जात असून काही अभ्यासक तिला नीलगाय समजतात, जिला मराठवाड्यात रोही म्हणतात आणि जी तुरीच्या व हरभऱ्याच्या पिकात शिरते म्हणून शेतकऱ्याच्या शिव्या खाते. विभांडक ऋषीच्या तपोबलाने एका हरिणीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा डोक्यावर शिंग घेऊन जन्माला आला आणि अरण्यात बापाशिवाय दुसरे माणूस न पाहता, स्त्री म्हणजे काय हेही न कळता वाढला. इकडे अंगदेशाचा राजा लोमपाद याच्या राज्यात पाऊस थांबला, आणि या ब्रह्मचाऱ्याला राज्यात आणल्यावाचून तो पडणार नाही असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा गणिकांनी नावेवर झाडेवेलींचा खोटा आश्रम उभारला, विभांडक बाहेर गेलेला पाहून त्या मुलाला फळांऐवजी मिठाया दिल्या आणि त्याला भुलवून नगरात नेले; त्याचे पाऊल राजधानीत पडताच पाऊस कोसळला आणि राजाने आपली कन्या शांता त्याला दिली. बौद्ध परंपरेत हा बेत अधिक नेटका झाला आहे. नळिनिका जातकात काशीत तीन वर्षे पाऊस न पडल्याने राजा गणिका न पाठवता स्वतःची मुलगी पाठवतो, आणि महावस्तू या ग्रंथात तर ऋषीचे नावच एकशृंग असून त्याला आणणारी नलिनी हीही राजकन्याच आहे. एकशिंगी, अरण्यात राहणारा, कोणालाही न जुमानणारा जीव. त्याच्याकडे पाठवलेली कुमारिका. आणि शेवटी राजवाडा, असा हा सांगाडा आहे. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकात या जातकाचे शिल्प त्याच्या नावासह कोरले गेले होते, म्हणजे फिझिऑलॉगसच्या कित्येक पिढ्या आधी ही कथा भारतात सर्वश्रुत होती. हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन संस्कृतज्ञाने १८९७ मध्ये ऋष्यशृंगकथेच्या सर्व पाठांचा माग काढला, आणि अलेक्झांड्रियाच्या बाजारात मिरी व हस्तिदंताबरोबर अशा कथाही उतरत, हे पाहता फिझिऑलॉगसची कुमारिका मूळची नलिनी असावी हे मत सर्वमान्य नसले तरी सर्वांत समाधानकारक आहे.

पूर्वेकडे हीच कथा चिनी भाषांतरांतून जपानला गेली आणि तेथे नो नाट्यपरंपरेत ‘इक्काकु सेन्निन’ म्हणजे एकशिंगी तपस्वी या नावाने रंगभूमीवर आली. पावसाच्या नागांना गुहेत कोंडणारा तो तपस्वी दरबारातून आलेल्या स्त्रीच्या हातच्या मद्याने भुलतो, नाग सुटतात आणि पाऊस पडतो. पश्चिमेच्या वाटेवर शिंग जनावराच्या कपाळावर गेले आणि पाऊस गळून पडला, तर पूर्वेच्या वाटेवर शिंग माणसाच्याच डोक्यावर राहिले आणि पाऊसही टिकला. पावसाचा हा धागा कथेच्या मुळाशी आहे. तपाने साठवलेले तेज अडून राहते तोवर ढगही अडून राहतात, आणि ते मोकळे झाले की आकाश मोकळे होते, अशी त्यामागची जुनी समजूत दिसते. कर्नाटकात शृंगेरीजवळच्या किग्गा येथील ऋष्यशृंगेश्वराला आजही पावसासाठी साकडे घातले जाते. महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली की धोंडी काढण्याची चाल आहे, ज्यात निंबाचा पाला अंगाभोवती गुंडाळलेल्या मुलाला दारोदार नेऊन त्याच्यावर पाणी ओततात; तीत ऋष्यशृंगाचे नाव नाही, पण लहान, निष्पाप जीव गावात आणला की पाऊस येतो हा विश्वास त्याच घरातला आहे. पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायणात या ऋषीला मराठीत आणले, तरी मराठी श्रोत्याच्या मनात तो मुख्यतः दशरथाची पुत्रकामेष्टी करणारा शृंगी ऋषी म्हणून राहिला, आणि परीक्षिताला शाप देणाऱ्या दुसऱ्या शृंगीशी त्याची अनेकदा गल्लतही होते. जे शिंग अन्यत्र जनावराला अद्भुत करते ते येथे पुरोहिताच्या मस्तकावर होते. मराठी पुराणिकाला आणखी एका एकशिंगी घोड्याची गरज पडली नाही, याचे हे एक कारण असावे.

युरोपात पुढे जे घडले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. कुमारिकेच्या मांडीवरच्या प्राण्याला ख्रिस्ताचे प्रतीक मानले गेले, राजचिन्हांवर तो घोड्याच्या रूपात चढला, आणि त्याचे ‘शिंग’ म्हणून राजेरजवाडे सोन्याच्या भावाने जे विकत घेत होते तो उत्तर ध्रुवीय समुद्रातील नारव्हाल या देवमाशाच्या नराचा पिळदार दात होता, हे डॅनिश वैद्य ओले वर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले. आज परभणीच्या दुकानातील दप्तरावर छापलेल्या युनिकॉर्नच्या शिंगाला जो पीळ असतो तो या दाताचा आहे. अमेरिकेतील मेन विद्यापीठात फ्रँकलिन डव्ह यांनी १९३३ मध्ये एका दिवसाच्या गोऱ्ह्याचे शिंगांचे दोन्ही कोंब कपाळाच्या मध्यावर आणून शिवले, आणि ते जुळून एकच भक्कम शिंग उगवले. शिंगाचे मूळ कवटीत नसून कातडीखालच्या कोंबात असते, हे त्यातून सिद्ध झाले.

या साऱ्या इतिहासात एकदा असे घडले की भारतातील खरा एकशिंगी प्राणी युरोपच्या दारात उभा राहिला, आणि तो गोव्यातून गेला. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठी पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने परवानगी नाकारली आणि त्याऐवजी एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्यातून राजा मॅन्युएलकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला लागले, आणि रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा प्रथमच पाहिला गेला. गुजरातीतले त्याचे ‘गंडा’ हे नावही त्याच्याबरोबर गेले आणि पोर्तुगीज लेखनात रुळले. राजाने ३ जूनला त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळून गेला. पुढे पोपला नजर करण्यासाठी त्याला पुन्हा जहाजावर चढवण्यात आले आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज बुडून साखळदंडात जखडलेला गेंडाही बुडाला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नव्हता. दुसऱ्याने केलेल्या रेखाटनावरून आणि पत्रातील वर्णनावरून त्याने १५१५ मध्ये लाकडी ठशावर त्याचे चित्र कोरले, अंगावर लोहाराने ठोकलेल्या चिलखतासारखे पत्रे चढवले आणि खांद्यावर एक छोटे, पिळदार दुसरे शिंग जास्तीचे दिले. विशेष म्हणजे लिस्बनमध्ये कोणालाही हा एकशृंग वाटला नाही. प्लिनीच्या ग्रंथात गेंडा आणि एकशिंग्या ही दोन निराळी जनावरे होती, म्हणून विद्वानांनी आलेल्या पाहुण्याला पहिल्या खात्यात टाकले आणि दुसरे खाते पुढेही उघडेच राहिले. त्याआधी सुमारे सव्वादोनशे वर्षे मार्को पोलोने सुमात्रात गेंडे पाहून त्यांनाच एकशृंग म्हटले होते, आणि चिखलात लोळणारे हे ओंगळ जनावर कुमारिकेच्या मांडीवर येणारे नव्हे, अशी तक्रार त्याने केली होती; लिस्बनच्या विद्वानांपेक्षा तोच सत्याच्या अधिक जवळ होता.

गंडा गोव्यातून गेला त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि मित्र होता. ज्या प्रवरेच्या काठी काशाचा गेंडा तेव्हा जमिनीत पुरलेला होता तो मुलूख याच निजामशाहीत मोडत असे. बंगालमध्ये लोक गंड्याचे शिंग विषावर वापरतात आणि ते एकशृंगाचे आहे असे समजतात, पण ते तसे नाही, असे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले. खऱ्या एकशिंगी प्राण्याविषयी त्याने जे ऐकले होते त्यानुसार तो घोड्याच्या डोक्याचा आणि आयाळीचा, पाण्यात रमणारा असून भारतात नव्हे, तर समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, केप ऑफ गुड होपच्या किनाऱ्याला राहत होता.